नमुना

डबीवर त्यांनी लिहिलंय, मिस्टर इंगवेल.
इंगवले, असं मी म्हटलं नाही.
सूचना एवढीच : एका तासाच्या आत आणा,
अंगाशी धरून आणा, गार पडू देऊ नका.

म्हणून हलच्या जानेवारीत,
सव्वाआठच्या बसमध्ये, वरच्या मजल्यावर,
स्वेटरच्या आत, बनियनच्याही आत,
डबी काखेत दाबून बसलो,
ताप आलेल्या पोराला थर्मामीटर लावतात तसा.
शेजारच्या बाईने विचारलं, हात दुखतोय का?
थोडासा, म्हटलं.

वडील मला म्हणायचे, काय नमुना जन्माला आलाय!
अहो दादा, नमुना लॅबला चाललाय.

मंगळवार, गुरुवार, शनिवार माझे नाहीत, यंत्राचे.
पलीकडच्या खुर्चीत केनेथ ऑग्ली,
कॉडच्या मागे पार आइसलँडपर्यंत गेलेला,
आता दिवसाला चार कप पाण्यावर.
बर्फ चोखत सांगतो,
तीस वर्षं पाण्यावर काढली, तहान कसली ती माहीत नव्हती.
त्याला चार मुली आहेत. मी विचारलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी डॉक्टर ॲडेयेमी
कागद माझ्याकडे फिरवते.
टेस्टोस्टेरॉन खाली.
शुक्राणू मोजके, त्यातलेही बरेचसे जागच्या जागी.
रक्तात साठून राहिलेलं विष फक्त पायांना सूज आणत नाही,
मेंदूकडून खाली निघालेले निरोपही बिघडवतं.
आणि प्रोलॅक्टिन वर.
ते काय असतं?
ती पेनाचं टोपण लावते, काढते.
बाळंतिणीला दूध आणतं ते.

अच्छा.
म्हणून दिवाळीपासून छाती हुळहुळतेय,
शर्टाचं बटणसुद्धा लागतं.
हे मी संज्योतलाही सांगितलं नव्हतं.
आत कुणीतरी निरोप अर्धाच ऐकलाय.
मूल हवंय, एवढंच कानावर पडलं,
कुणाच्या अंगात ते विचारलंच नाही,
आणि बिचारं खुळ्यासारखं तयारीला लागलंय.

आई फोनवर विचारते, काही विशेष?
प्रोलॅक्टिन, असं ओठांवर येतं.
नाही गं, थंडी फार आहे.

मूत्रपिंड.
आठवीत आकृती काढली होती, घेवड्याच्या बीसारखी,
दहापैकी नऊ मिळाले.
शब्दातला पिंड तेव्हा दिसला नाही.
दादांच्या दहाव्याला मी वाईला नव्हतो, शनिवार होता.
धाकट्याने घाटावर फोन धरून दाखवलं :
भाताचा गोळा, काळे तीळ,
आणि कावळा शिवत नाही म्हणून ताटकळलेले सगळे.
इथे खिडकीबाहेर कार पार्कात सीगल
कुणाचंही काहीही उचलायला तयार.
दादांचं काय अडलं असेल, याचा मी यंत्र संपेपर्यंत विचार केला.
एक माहीत होतं, ते बोललो नाही.

किडनी बदलली की हे बरेचदा सुधारतं, डॉक्टर म्हणाली.
'बरेचदा' मी घरी आणला,
संज्योतने तो भाजीवालीच्या जुडीसारखा उलटून पाहिला,
मग म्हणाली, माझी जुळते का बघू.
तिची तपासणी मार्चमध्ये.
म्हणजे तिच्याकडून एक पिंड घ्यायचा
आणि थोडं बरं वाटलं
की तिच्याकडेच दुसरा मागायचा.
हे मी मोठ्याने म्हटलं.
ती भांडी विसळत होती. नळ बंद केला नाही.
म्हणाली, मग? दुसऱ्या कुणाकडे मागणार आहेस?

रात्री ती माझ्या डाव्या हाताला कान लावते.
फिस्टुलातून रक्त घुमतंय,
शेजारच्या खोलीत कुणी शिवणयंत्र चालवावं तसं.
चालू आहे, म्हणते, आणि दिवा घालवते.

अंधारात मी दोन बोटांनी छाती चाचपतो.
अजून हुळहुळतेय.
आज मला तिचा तितकासा राग येत नाही.